‘बो’ म्हणजे आम्ही की आपण?

‘अउ नइ सहिबो, बदल के रहिबो.’ 2023 च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने छत्तीसगढमध्ये चालवलेली ही घोषणा. दोन क्रियापदं आणि एक यमक, बस्स. मराठी वाचकाला ‘आता आणखी सोसणार नाही, बदलल्याशिवाय राहणार नाही’ असा अर्थ सांगून मोकळं होता येतं. अर्थ सांगितला की अनुवाद झाला असं मानणाऱ्यांचं काम तिथे संपतं. माझं संपत नाही. मराठीतलं ‘सोसणार नाही’ हे मीही म्हणू शकते, तोही म्हणू शकतो आणि अख्खं गावही म्हणू शकतं. त्यात बोलणारा कोण ते कळत नाही. मूळ छत्तीसगढीत मात्र बोलणारा आहे आणि तो क्रियापदाच्या शेपटात बसला आहे. ‘-बो’ हा छत्तीसगढीतला भविष्यकाळाचा, प्रथमपुरुषी अनेकवचनाचा प्रत्यय. हमन जाबो, हमन खाबो, हमन करबो. बंगाली येणाऱ्यांना ‘करबो’ लगेच ओळखू येईल. तेव्हा हे वाक्य मराठीत आणायचं तर त्या ‘हमन’चं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. आम्ही की आपण?

हिंदीला हा प्रश्न पडत नाही, छत्तीसगढीलाही नाही. ‘हम’मध्ये ऐकणारा धरलाय की वगळलाय हे प्रसंगावरून समजून घ्यायचं. मराठीत ती सोय नाही. ‘आम्ही जेवायला बसतोय’ आणि ‘आपण जेवायला बसतोय’ या दोन वाक्यांमध्ये दारात उभ्या असलेल्या पाहुण्याचं ताट आहे. गुजराती ‘अमे’ आणि ‘आपणे’ वेगळे ठेवते, तेलुगू ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळ ‘नांगळ’ आणि ‘नाम’. तमिळनाडूत ‘नाम तमिळर कट्ची’ नावाचा पक्षच आहे. त्यातला ‘नाम’ हा ऐकणाऱ्याला आत घेणारा, म्हणजे आपला ‘आपण’. तेलंगणातल्या शाळासुधारणेच्या सरकारी योजनेचं नाव होतं ‘मन ऊरु, मन बडी’: आपलं गाव, आपली शाळा. या भाषांमध्ये राजकारण्याला तोंड उघडताक्षणी ठरवावं लागतं की समोरचा आपल्यात आहे की नाही. छत्तीसगढीत त्याला ते ठरवावं लागत नाही, आणि माझ्या मते ‘-बो’ची सगळी मोहिनी त्यातच आहे.

ही मोहिनी एकाच पक्षाला कळली असंही नाही. 2018 नंतर आलेल्या काँग्रेस सरकारच्या जाहिरातींवर, फलकांवर ठळक अक्षरांत असायचं: ‘गढ़बो नवा छत्तीसगढ़’. ‘नवा’ तर मराठीच वाटतो, आणि ‘गढ़बो’ हा ‘घडवू’चा चुलतभाऊ. आता अनुवाद करा. ‘आपण घडवू नवं छत्तीसगढ’ म्हटलं तर हे श्रमदानाचं आवाहन होतं. ‘आम्ही घडवू’ म्हटलं तर कंत्राटदाराची निविदा. मूळ वाक्य एकाच वेळी दोन्ही आहे. मतं मागताना आपण, जाहिरात छापताना आम्ही. एकमेकांवर तुटून पडलेल्या दोन पक्षांच्या प्रचारातली सगळ्यात देखणी वाक्यं एकाच प्रत्ययावर उभी आहेत, हे मला त्यांच्या वैचारिक मतभेदांहून जास्त बोलकं वाटतं.

आता घोषणेकडून जाहीरनाम्याकडे जाऊ. मध्येच एक नोंद: हिंदीत ओरडायचा तो ‘नारा’ आणि जाहीर करायची ती ‘घोषणा’, दोन शब्द वेगळे. मराठीत दोन्हींना घोषणाच. आपल्या भाषेने हा फरक आळसापोटी सोडला की अनुभवापोटी, कोण जाणे.

भाजपचा जाहीरनामा 3 नोव्हेंबर 2023 रोजी रायपुरात अमित शहांच्या हस्ते प्रसिद्ध झाला, ‘मोदी की गारंटी’ या नावाने. काँग्रेसचा दोन दिवसांनी, 5 नोव्हेंबरला, ‘भरोसे का घोषणापत्र’. ‘गारंटी’ हा शब्द त्याच वर्षी मे महिन्यात काँग्रेसने कर्नाटकात चालवला होता. वर्षअखेर तो दुसऱ्या पक्षाच्या नावावर जमा झाला. पण माझं लक्ष भाषेकडे आहे. दोन्ही दस्तऐवज हिंदीत. गावाच्या वेशीवर छत्तीसगढी बोलणारा पक्ष आकडे सांगायची वेळ आली की हिंदीत शिरतो. 2007 मध्ये विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा दिला, 28 नोव्हेंबर हा राजभाषा दिवस म्हणून साजरा होतो, आयोग आहे, पुरस्कार आहेत. वचन मात्र हिंदीत दिलं जातं.

आणि भाषा बदलली की सर्वनामही बदलतं. हिंदीतल्या ‘हम करेंगे’मधला ‘हम’ हा पक्ष आहे, तिथे शंका नाही. मराठीत बेलाशक ‘आम्ही’ लिहावं. निवडून आल्यावर योजनेचा शासकीय आदेश निघतो तेव्हा तो ‘हम’ही उरत नाही. ‘राशि अंतरित की जाएगी’, ‘आवेदन स्वीकार किए जाएँगे’, म्हणजे आपल्याकडचं ‘देण्यात येईल’, ‘करण्यात यावी’. देणारा कोण, ते वाक्यात नाही. घेणाऱ्याला मात्र नाव मिळतं: हितग्राही. महाराष्ट्रातल्या ‘लाभार्थी’चा हा मध्य प्रदेशी-छत्तीसगढी अवतार. ‘सहिबो’ पासून ‘करेंगे’ आणि ‘करेंगे’ पासून ‘की जाएगी’. तीन पायऱ्यांत सगळ्यांचा आवाज पक्षाचा होतो आणि पक्षाचा आवाज कुणाचाच राहत नाही. मी व्याकरणात राजकारण शोधते असा आक्षेप मित्र घेतात. पण हा प्रवास मी घडवलेला नाही, मी फक्त क्रियापदांखाली रेघ मारली.

या प्रवासाचा सर्वांत चांगला नमुना ‘महतारी वंदन’. भाजपच्या जाहीरनाम्यातलं वचन: विवाहित स्त्रियांना वर्षाला 12,000 रुपये. मराठी कानाला ‘महतारी’ हा शब्द फसवतो, ‘म्हातारी’ ऐकू येते; छत्तीसगढीत महतारी म्हणजे आई. राज्यालाच ‘छत्तीसगढ़ महतारी’ म्हणतात, तिचे पुतळे आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशात त्याच वर्षी ‘लाड़ली बहना’ सुरू झाली होती, आणि पुढच्या वर्षी, जून 2024 च्या अर्थसंकल्पात, तिचा मराठी अनुवाद मुंबईत जाहीर झाला: मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना, दरमहा 1,500 रुपये. अनुवाद म्हणून शब्दाला शब्द चोख. वर एक ‘माझी’ घातला आहे, आणि तो कुणाचा हे मला अजून उलगडलेलं नाही. व्याकरणाने पाहिलं तर मुख्यमंत्र्यांचा असावा. पण फलक वाचताना ‘माझी’ म्हणणारी मीच असते, म्हणजे मी माझ्याच बहिणीला पैसे मिळाल्याचं वाचून आनंदायचं. ‘आपली’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

रायपूरकरांनी बहीण नाकारून आई निवडली, हा मला चांगला निर्णय वाटतो. छत्तीसगढीत ‘दुलौरिन बहिनी’ सहज म्हणता आलं असतं, ‘लाडली’चा अगदी नेमका प्रतिशब्द. पण लाड करणारा नेहमी मोठा असतो. आईपुढे ते जमत नाही. शिवाय बहिणीला भाऊबीज घालतात, वर्षातून एकदा आणि मर्जीने; आईला द्यायचं ते देणं असतं. गडबड झाली ती दुसऱ्या शब्दात. ‘वंदन’ हा शब्द देवळातला, शाळेच्या प्रार्थनेतला. इथल्या घरात मोठ्यांच्या पाया पडताना कुणी वंदन म्हणत नाही, ‘पाँव परत हँव’ म्हणतात. अर्धं नाव घरातलं, अर्धं सभामंडपातलं, त्यामुळे आई सिंहासनावर बसते खरी पण ओळखू येईनाशी होते.

मग अटी आल्या. एकवीस वर्षं पूर्ण, राज्यातला रहिवास, विवाहित. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता पात्र. कुटुंबात आयकर भरणारं कुणी नको. म्हणजे महतारीची व्याख्या लग्नाने होते, मुलाने नाही. निपुत्रिक विवाहिता महतारी, आणि भावाची तीन पोरं वाढवलेली अविवाहित आत्या नव्हे. (मी स्वतः अविवाहित, त्यामुळे वंदनातून सुटले, आयकरामुळे तशीही सुटलेच असते.) महाराष्ट्राच्या योजनेत कुटुंबातली एक अविवाहित स्त्री पात्र ठरते, एकच. दुसरी अविवाहित बहीण लाडकी नाही. प्रेमाचे शब्द वापरून धोरण लिहिलं की असं होतं: ‘महिला सहाय्य’ असं कोरडं नाव असतं तर अट ही अट वाटली असती, ‘लाडकी’ म्हटल्यावर तीच अट घरच्यांनी केलेला दुजाभाव वाटते.

तरीही प्रचारसाहित्य म्हणून ‘महतारी वंदन’मध्ये एक गोष्ट अशी होती की जिला दाद द्यावी लागते. मतदानाआधीच कार्यकर्ते घरोघरी छापील अर्ज घेऊन गेले आणि बायकांकडून भरून घेतले. काँग्रेसने निवडणूक आयोगाकडे तक्रार केली, त्यावर बरंच रण माजलं. त्या कायदेशीर वादात मी पडत नाही. वाङ्मयप्रकार म्हणून त्या कागदाकडे पाहते. जाहीरनामा हा एकतर्फी मजकूर, वाचा किंवा फेकून द्या. अर्जात मात्र रिकाम्या जागा असतात. तिथे नाव येतं, नवऱ्याचं नाव येतं, सही नाहीतर अंगठा येतो. सत्ता हातात नसलेल्या पक्षाने सरकारी कागदाचा घाट उचलला आणि मतदाराला आपल्या मजकुराची सहलेखिका केलं. ‘-बो’ने जे आवाजात केलं ते या कागदाने शाईत केलं. काँग्रेसने उत्तर दिलं दिवाळीच्या दिवशी, 12 नोव्हेंबरला: गृहलक्ष्मी योजना, वर्षाला 15,000. आकडा मोठा, पण 90 पैकी 20 मतदारसंघांत 7 तारखेला मतदान होऊन गेलं होतं आणि उरलेल्या 70 जागांसाठी पाच दिवस राहिले होते. तेवढ्यात कागद फिरत नाही.

धानाचं गणितही असंच वाचण्यासारखं आहे. भाजप: क्विंटलला 3,100 रुपये, एकरी 21 क्विंटल. काँग्रेस: क्विंटलला 3,200, एकरी 20. फलकावर 3,200 मोठे दिसतात. गुणाकार केला की 65,100 विरुद्ध 64,000. वर काँग्रेसची कर्जमाफी होती, त्यामुळे हिशेब इतका सरळ नव्हता. पण पक्षांना फलकावर एक आकडा पुरतो आणि शेतकरी दोन आकड्यांचा गुणाकार करतो, हे दोन्ही जाहीरनामे लिहिणाऱ्यांपैकी एकालाच आठवलेलं दिसतं.

काँग्रेसवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते, गेल्या पाव शतकात या राज्यातल्या राजकारणाने घडवलेलं उत्तम छत्तीसगढी वाक्य तिच्याच नावावर आहे: नरवा, गरुवा, घुरवा, बारी. भूपेश बघेल सरकारचा ग्रामविकासाचा कार्यक्रम चार नामांत. ओढा, गुरं, खताचा खड्डा, परसबाग. विदर्भातल्या वाचकाला ‘बारी’त ‘वाडी’ ऐकू येईल आणि ‘गरुवा’त ‘गुरं’ तर आहेतच. एकही शब्द भाषणातला नाही, सगळे घराच्या मागच्या दारातले. यामागे काम होतं: नाल्यांवर बांध, गावोगाव गोठाण, 2020 च्या हरेलीला सुरू झालेली दोन रुपये किलोने शेणखरेदी. म्हणायला ठेका आहे, लक्षात राहतं. फक्त क्रियापद नाही. नरवाचं काय करायचं, कोण करणार, कधी? चित्र पूर्ण आहे आणि चित्रात माणूस नाही. हे वाक्य जिथे सरकारी योजनेत उतरलं तिथे नाव पडलं ‘गोधन न्याय योजना’, म्हणजे गरुवा गेला, गोधन आलं आणि दिल्लीहून 2019 च्या जाहीरनाम्यातला ‘न्याय’ येऊन चिकटला. घुरव्यातलं शेण पुन्हा संस्कृतात जाऊन बसलं.

प्रत्ययांनी निवडणुका जिंकता येत नाहीत हे मला कळतं. 2018 मध्ये काँग्रेसला 68 जागा होत्या, 2023 मध्ये 35. भाजप 15 वरून 54 वर गेला. याला महतारी, धान, 2018 च्या जाहीरनाम्यातली आणि न झालेली दारूबंदी, भ्रष्टाचाराचे आरोप, अशी अनेक कारणं आहेत आणि ती मांडायला माझ्याहून जाणते लोक आहेत. पण एका आकड्यापाशी मी थांबते. उत्तरेकडच्या सरगुजा विभागातल्या 14 च्या 14 जागा 2018 मध्ये काँग्रेसला मिळाल्या होत्या, 2023 मध्ये चौदाही गेल्या. भाषेमुळे गेल्या असं नाही. एवढंच की तिथे सरगुजिया, सादरी, कुडुख बोलतात. दक्षिणेला बस्तरमध्ये हलबी, गोंडी, भतरी, दोरली. ‘छत्तीसगढिया’ अभिमानाची मोहीम, 1 मेचा बोरे-बासी दिवस, गेंडी, भोवरा, हे सगळं मुख्यतः मधल्या मैदानाचं, रायपूर-दुर्ग-बिलासपूरचं. मैदानातला ‘आपण’ डोंगरात पोचेपर्यंत ‘तुम्ही’ होतो. हलबीचा विषय निघालाच आहे तर: ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात हलबीला मराठीच्या खंडात जागा दिली होती. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण बस्तरमधल्या आपल्या या दूरच्या नातलगाकडे मराठी वाङ्मयव्यवहाराने किती पाहिलं, हा प्रश्न ‘नवा छत्तीसगढ’ला विचारण्याआधी मी आपल्या लोकांना विचारेन.

कारण घोषणा एका भाषेत आणि मजकूर दुसऱ्या भाषेत, ही रीत इथल्या राजकीय पक्षांनी शोधलेली नाही. जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ निघालं. संपादक माधवराव सप्रे, सहसंपादक रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी. मासिकाच्या नावात छत्तीसगढ, आतली भाषा खडी बोली हिंदी. छत्तीसगढीला व्याकरण नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. हीरालाल काव्योपाध्यायांनी ते 1885 मध्येच लिहिलं होतं आणि ग्रिअर्सनने इंग्रजीत आणून 1890 मध्ये छापलं होतं. सप्र्यांना देशभरचा वाचक हवा होता, त्यांचं कारण रास्त होतं. पण ‘मित्र’ ज्यांचा, त्यांच्या बोलीत तो बोलला नाही.

हेच सप्रे 1907 मध्ये नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढतात. आजच्या भाषेत सांगायचं तर एका राजकीय गटाचा, काँग्रेसमधल्या जहाल गटाचा कार्यक्रम दुसऱ्या भाषेतल्या जनतेपर्यंत पोचवण्याचं काम. पुण्याच्या ‘केसरी’तले टिळकांचे विचार हिंदीत. पुढे ‘गीतारहस्य’ही त्यांनीच हिंदीत नेलं, ‘दासबोध’ही. 1908 मध्ये त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. 1926 मध्ये ते रायपुरात वारले. त्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. ‘हिंदी केसरी’चा वाचक शिकलेला, मोजका, आणि जवळजवळ सगळा पुरुष होता, आणि महतारीचा अर्ज ज्या घरांत पोचला त्या घरांत ते पत्र कधी गेलं नसणार. फरक एवढाच दिसतो की तेव्हा भाषेची सीमा ओलांडून युक्तिवाद जात होता, परदेशी मालावर बहिष्कार का, स्वराज्य म्हणजे काय, कारणांसकट, रकानेच्या रकाने. भोपाळहून मुंबईला जे गेलं ते योजनेचं नाव आणि तिचा घाट. नावाचा अनुवाद एका दुपारी होतो.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे असल्यामुळे आपले पक्ष जास्त प्रामाणिक बोलतात का? मी थोडं उकरून पाहिलं. ते सर्वनामच टाळतात. 2012 च्या मुंबई महापालिका निवडणुकीतलं शिवसेनेचं ‘करून दाखवलं’: कोणी, ते नाही. 2014 मधलं भाजपचं ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’: नेणारा गुलदस्त्यात, आणि पुन्हा तो मोघम ‘माझा’. स्पष्ट सर्वनाम वापरायचं धाडस 2019 मध्ये देवेंद्र फडणवीसांच्या ‘मी पुन्हा येईन’ने केलं, एकवचनी आणि निःसंदिग्ध, आणि पुढची काही वर्षं त्या ‘मी’ची यथेच्छ थट्टा झाली. त्यानंतर कुणी त्या वाटेला गेल्याचं दिसलं नाही. 2024 मध्ये महाविकास आघाडीने आपल्या जाहीरनाम्याला ‘महाराष्ट्रनामा’ म्हटलं, भाजपने ‘संकल्पपत्र’, शिवसेना पूर्वी ‘वचननामा’ म्हणायची. नामा, पत्र, संकल्प, वचन. शब्दांची श्रीमंती आहे, पण त्यात आपण आहोत की नाही ते मुखपृष्ठावरून कळत नाही.

उलट दिशेचा अनुवाद मला जास्त आवडतो, मतदाराने केलेला. रमनसिंह मुख्यमंत्री असताना स्वस्त तांदळाची योजना आली. तिच्या सरकारी नावावर किती खर्च झाला असेल कुणास ठाऊक. लोकांनी मुख्यमंत्र्यांनाच नाव ठेवलं, ‘चाउर वाले बाबा’. तांदूळवाले बाबा. त्यात कृतज्ञता आहे, थट्टा आहे, आणि हा माणूस कशापुरता आपला आहे याची मोजणीही आहे. पक्षाने ते नाव पुढे आनंदाने मिरवलं, त्यातली मोजणी न ऐकता.

महतारी वंदनचा पहिला हप्ता 10 मार्च 2024 रोजी सुमारे 70 लाख खात्यांवर जमा झाला, महिन्याला 1,000. आता हप्ता आला की तात्यापाऱ्यात, बुढापाऱ्यात, आमच्या गल्लीत भांडी घासायला येणाऱ्या बायकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘पइसा आ गे.’ पैसे आले. महतारी नाही, वंदन नाही, गारंटी नाही, ‘-बो’ही नाही. कुणी दिले ते या वाक्यात सांगितलेलं नाही, आणि आले नाहीत त्या महिन्यात त्या जे म्हणतात त्यातही कर्ता नसतो: ‘ए दारी नइ आइस.’ याचा मराठी अनुवाद मला एकदम जमतो. ‘या खेपेला नाही आले.’